चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस

वॅक्सच्या हीटरच्या काठावर रोज थोडंथोडं वॅक्स साचत जातं. आपलं लक्ष नसतं. मग एक दिवस झाकण बसेना म्हणून बघावं, तर बोटभर जाड थर! माझ्याकडचे किस्से तसेच साचले आहेत. वॅक्सिंगला आलेली बाई गप्प पडून राहत नाही. पट्टी ओढली जाणार हे ठाऊक असल्यामुळे ती भीतीनं बोलते, आणि ओढून झाली की सुटल्याच्या आनंदात आणखी बोलते. मी ऐकत राहते. आता झाकण बसत नाही, तेव्हा थोडे काढून ठेवते. बायकांची नावं बदलली आहेत. आमच्या घरमालकीणबाईंचंही बदललं आहे, पण त्याचा उपयोग नाही. ज्यांनी त्यांना एकदा पाहिलंय ते कुठल्याही नावानं ओळखतील.

*

आधी खोलीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आम्ही फ्रँकफर्टमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. लाकडी जिना, मागे एक छोटी खोली. मी सांगलीची, बारावी पास. लग्नाआधी ब्युटी पार्लरचा कोर्स केला होता, दोन वर्षं एका पार्लरमध्ये हात बसवला होता. मग ह्यांची पुण्यातली आयटीची नोकरी इकडे आली आणि तिच्या मागून मी. इथल्या प्रत्येक कागदावर मी कोणाची तरी पत्नी किंवा कोणाची तरी आई. जर्मनचे क्लास केले, परीक्षा दिली, आणि चाळिशी ओलांडल्यावर एक दिवस ऑफिसात जाऊन छोट्या व्यवसायाची नोंदणी करून आले. ह्यांचं नाव नसलेला तो माझा इथला पहिला कागद. घरी येईपर्यंत यू-बानमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, तीनदा काढून बघितला.

पण भाड्याच्या घरात गिऱ्हाईक बोलवायचं तर घरमालकाची लेखी परवानगी हवी. आमच्या घरमालकीणबाई फ्राऊ, म्हणजे श्रीमती, ब्रांट, सत्तरी ओलांडलेल्या, ताठ पाठीच्या, तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर जिन्याच्या दारावर उघडते. त्यांनी माझा अर्ज उभ्या उभ्या वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचला. मग सहा महिन्यांची परवानगी दिली, जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. दुपारी एक ते तीन आवाज नाही. जिन्यात एका वेळी एकच बाई. आणि टेर्मिन घेतल्याशिवाय, म्हणजे वेळ ठरवल्याशिवाय, कोणीही यायचं नाही. सहा महिने त्या बघणार आणि नोव्हेंबर संपताना पुढचं सांगणार. नाही म्हणाल्या की खोली बंद, आणि माझा कागद फोल्डरमध्ये.

जाता जाता त्यांनी विचारलं, एकच बाई परत किती दिवसांनी येते?

मी आपलं सहज म्हटलं, चार आठवड्यांनी.

"गेनाऊ फियर?" बरोबर चार?

मी म्हटलं, हो हो, चार. आपण म्हणतो ना, तसंच. चार म्हणजे साडेतीन, चार म्हणजे पाच, मध्ये कोणाचं लग्न आलं तर दोनसुद्धा.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आमची सई आतल्या खोलीतून मला जर्मनमध्ये म्हणाली, "आई, त्या गंमत करत नाहीयेत."

*

शैलाताई फ्रँकफर्टमध्ये वीस वर्षं राहतात. जर्मन नियम त्यांना सगळे पाठ आहेत आणि ते सगळे दुसऱ्यांसाठी आहेत अशी त्यांची समजूत आहे. त्या माझ्या पहिल्या गिऱ्हाईक. जूनमध्ये आल्या, हातपाय करून गेल्या. जूनमध्येच पुन्हा फोन, अगं उद्या येते, जरा अपर लिप करून दे.

चेहऱ्याचे केस लवकर येतात हे खरंच आहे. अपर लिपला तीन आठवडेसुद्धा कोणी थांबत नाही. मी म्हटलं, या.

शैलाताई आल्या, पण वर नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी जिन्यात डोकावले, तर तळमजल्यावर फ्राऊ ब्रांट वही घेऊन उभ्या, आणि समोर शैलाताई.

फ्राऊ ब्रांट मला खालूनच म्हणाल्या, "ही बाई एकोणीस दिवसांपूर्वी आली होती. तुम्ही चार आठवडे म्हणाला होता."

मी खाली उतरून समजावायला लागले. हाताचे केस वेगळे, ओठावरचे वेगळे, वेग वेगळा. माझं जर्मन ओठापर्यंत नीट पोचलं आणि 'वेग' ह्या शब्दापाशी अडकलं. फ्राऊ ब्रांट शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी शैलाताईंच्या चेहऱ्याजवळ जाऊन, चष्मा वर करून, ओठाकडे नीट निरखून पाहिलं. वीस वर्षांत शैलाताईंशी असं कोणी वागलं नसेल.

"नऊ दिवस अजून थांबता येईल," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

शैलाताई थांबल्या. बरोबर नऊ दिवस! त्यांच्या नवऱ्याला हे कळल्यावर त्यानं माझ्याकडे फ्राऊ ब्रांटचा फोन नंबर मागितला.

*

त्या दिवसापासून मी सगळ्यांना अठ्ठावीस दिवसांवर आणलं. पण आपल्या बायकांना दिवस मोजायची सवय नाही. त्या समारंभ मोजतात. "परवा हळदीकुंकू आहे, उद्या येऊ का?" असा फोन येतो, आणि केस पुरेसे वाढलेत का हे त्यांना माहीत नसतं. म्हणून मी आमच्या सांगलीच्या पार्लरमधल्या मॅडमचा नियम सांगायला लागले. केस तांदळाच्या दाण्याएवढा झाला की यायचं. त्याहून लहान असला तर वॅक्स धरत नाही, कातडी नुसती लाल होते.

सगळ्यांना पटलं. मृणालला पटलं नाही.

मृणाल इंजिनियर. आठवडाभर नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात असते, शुक्रवारी घरी येते. गुणी मुलगी, पण प्रश्न फार. तिनं विचारलं, कुठला तांदूळ? बासमती की आंबेमोहोर? मी म्हटलं, अगं, साधा. ती म्हणाली, कच्चा की शिजलेला?

मी हसले. ती हसली नव्हती.

चार आठवड्यांनंतरच्या शनिवारी ती आली ती बॅगेतून एक यंत्र घेऊनच. पट्टीसारखं, चोच असलेलं, वर आकडे दिसणारं. कारखान्यात भाग मोजतात ते. हात पुढे करून तिनं स्वतःचा एक केस त्या चोचीत धरला आणि आकडा मला दाखवला. चार पूर्णांक दोन मिलिमीटर. मग एका कागदाच्या पुडीतून आंबेमोहोरचा एक दाणा काढला, तो मोजला. चार पूर्णांक सहा.

"वंदनाताई, पॉइंट फोर कमी आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडे टॉलरन्स किती?"

मी म्हटलं, बाळा, आडवी हो.

वॅक्स झाल्यावर ती लॅपटॉप उघडून बसली. तिनं तीन आठवड्यांचा तक्ता केला होता. तिच्या डाव्या हाताचे केस उजव्यापेक्षा जास्त वेगानं वाढत होते. ह्याचं कारण तिला माझ्याकडून हवं होतं. मी सांगलीच्या मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, लग्न झालंय का तिचं? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग होईल आपोआप सारखं.

*

टेर्मिनचा घोळ वाढायला लागला तेव्हा ह्यांनी मनावर घेतलं. म्हणाले, तू वहीत कशाला लिहितेस, मी तुला सिस्टिम करून देतो. दोन शनिवार-रविवार बसले. गिऱ्हाईक येऊन गेलं की तारीख टाकायची, बरोबर सत्ताविसाव्या दिवशी त्या बाईला आपोआप निरोप जाणार. निरोप ह्यांनी स्वतः लिहिला, जर्मनमध्ये, अगदी सभ्य भाषेत: 'आपले केस आता पुरेसे वाढले आहेत. कृपया टेर्मिन घ्यावी. आपली, वंदना.'

मी म्हटलं, अहो, आधी कोणावर तरी करून बघा. ते म्हणाले, मी हेच काम करतो गं दिवसभर.

रविवारी सकाळी सिस्टिम सुरू केली. ती माझ्या यादीला जोडायची होती. ती जोडली गेली ह्यांच्या फोनमधल्या यादीला, आणि तिथे तारखाच नसल्यामुळे सगळ्यांचे सत्तावीस दिवस भरले. नाश्ता होईपर्यंत निरोप गेला सईच्या वर्गशिक्षिकेला, आमच्या दातांच्या डॉक्टरांना, ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठात शिकणाऱ्या भाच्याला, पुण्यातल्या माझ्या दिरांना, आणि ह्यांच्या ऑफिसातल्या साहेबांना.

साहेब चांगले आहेत, पण त्यांच्या डोक्यावर एकसुद्धा केस नाही. पंचविशीपासून नाही, असं ते स्वतः सांगतात.

ह्यांनी चहा टाकून दिला. डोकं धरून बसले. उद्या ऑफिसला कसा जाऊ म्हणाले. दुपारी साहेबांचं उत्तर आलं. हे वाचेनात, म्हणून मी वाचलं.

'प्रिय फ्राऊ वंदना, कळवल्याबद्दल मनापासून आभार. मी आशा सोडली होती.'

मी परत वही घेतली.

*

सप्टेंबरात गणपती आले. आता बघा अडचण. आमच्या मंडळाचा गणपती म्हणजे सगळ्या बायकांना एकाच दिवशी तयार व्हायचं. त्यात सोमवारी केस काढायचे नाहीत कारण माहेरी पद्धत नाही, शनिवारी नाही कारण सासरी पद्धत नाही, अमावस्येला कोणाकडेच नाही, आणि बुधवारपासून घरोघरी गणपतीची तयारी. रविवारी आवाज केलेला फ्राऊ ब्रांटना चालत नाही. पंचांगातून आणि फ्राऊ ब्रांटमधून गाळून खाली काय उरलं, तर एक मंगळवार. आणि मंगळवारी आठ जणी!

जिन्यात एका वेळी एकच. मग मी डोकं चालवलं. समोर बेकरी आहे, तिथे खुर्च्या आहेत. सगळ्यांनी तिथे बसायचं, एकेक कॉफी घ्यायची, मी फोनवर निरोप टाकला की एकीनं यायचं. येताना घाई करायची नाही, घोळका करायचा नाही, फ्राऊ ब्रांटच्या खिडकीकडे बघायचं नाही.

दहा ते बारा अगदी छान चाललं. चार जणी झाल्या. मृणालनं मुद्दाम रजा काढली होती, तिचा पाचवा नंबर. आणि बाराच्या सुमाराला फ्राऊ ब्रांट ब्रेड आणायला बेकरीत गेल्या.

पुढचं मला मृणालनं सांगितलं. फ्राऊ ब्रांट आत आल्या. त्यांना प्रत्यक्ष भेटलेल्या फक्त शैलाताई, पण माझ्याकडून त्यांचं वर्णन सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की झालेल्या आणि व्हायच्या अशा सातही जणी उभ्या राहिल्या, शाळेत मुख्याध्यापिका आल्यावर राहतात तशा. "गुटन टाग, फ्राऊ ब्रांट," सगळ्या एका सुरात.

फ्राऊ ब्रांटनी मोजलं. मग जवळच उभ्या असलेल्या मृणालला विचारलं, ही काय वेटिंग रूम आहे का?

मृणाल आयुष्यात खोटं बोललेली नव्हती. ती म्हणाली, "नाही नाही. आम्ही एकमेकींना ओळखत नाही."

तेवढ्यात आठव्या, म्हणजे शैलाताई, माझ्याकडचं काम आटपून बेकरीचं दार ढकलून आत आल्या. फ्राऊ ब्रांट त्यांना दिसल्याच नाहीत. दोन्ही हात वर करून, गुळगुळीत कोपर सगळ्यांना दाखवत, मोठ्यांदा म्हणाल्या, "मृणाल, जा गं, तुझा नंबर! आणि मोदकांचं सारण कोणी आणतंय?"

फ्राऊ ब्रांटना मराठी येत नाही. पण सात जणींनी एकदम खाली घातलेल्या माना त्यांना कळल्या.

संध्याकाळी माझ्या पत्रपेटीत चिठ्ठी होती. 'बेकरी जिन्यात मोडत नाही. म्हणून हे नोंदवत नाही. परंतु मी पाहिले आहे.'

*

ऑक्टोबरात रेवतीच्या सासूबाई कोल्हापूरहून आल्या. रेवती नवी, लग्नाला वर्ष झालेलं, स्वभावानं मऊ. सासूबाई कडक. रेवतीबरोबर त्यासुद्धा माझ्याकडे आल्या आणि खोलीत खुर्चीवर बसून राहिल्या. एकेक पट्टी निघाली की मान हलवायच्या. हे असलं आमच्या वेळी नव्हतं. देवानं दिलेलं ते काढायचं कशाला? महिन्याच्या महिन्याला हे? रेवती डोळे मिटून पडून होती, दुखण्यापेक्षा बोलण्यानंच जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. सासूबाई एकट्या. टेर्मिन नाही, काही नाही. मी घाबरून आधी खिडकीकडे बघितलं.

त्यांनी आत येऊन दार लावलं, पदर तोंडाशी धरला आणि हळूच विचारलं, "अहो, माझ्या ओठांवरचं काढता येईल का? सुनेला बोलू नका."

मी दोऱ्यानं काढून दिलं. त्यांनी आरसा हातात घेतला तो सोडेनात. मग विचारलं, परत कधी येतं हे? मी म्हटलं, चार आठवड्यांत. त्या बोटं मोजायला लागल्या. व्हिसा नव्वद दिवसांचा. म्हणजे अजून दोनदा करून घेता येईल, नीट जुळवलं तर तीनदा.

त्या दुपारीच रेवतीचा फोन. ताई, एक विनंती आहे. आईंना बरं वाटावं म्हणून त्यांचं अपर लिप करून द्याल का? पण मी सांगितलंय असं त्यांना कळू देऊ नका, त्या रागावतील.

मी दोघींनाही हो म्हटलं. दोघींनीही आजतागायत एकमेकींना सांगितलेलं नाही. एवढंच की सासूबाईंनी पुढच्या खेपेला मला विचारलं, व्हिसा वाढवून मागताना कारण लिहावं लागतं, तिथे हे लिहिलं तर चालेल का?

त्या एकट्या आल्या होत्या त्या पहिल्या दिवशी, सासूबाई जिना उतरून गेल्यावर फ्राऊ ब्रांट वर आल्या. मी मनाची तयारी केली. टेर्मिनशिवायची बाई, सरळ सरळ तिसरी अट मोडलेली. पण त्यांनी दुसरंच विचारलं. ती म्हातारी बाई तुमच्याकडे कशासाठी आली होती?

मी खरं सांगितलं. ओठावरचे केस.

"त्या वयात?"

मी म्हटलं, त्या वयातच जास्त येतात.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "असं होय," म्हणाल्या आणि खाली गेल्या. वहीत काही लिहिलं नाही.

*

मला वाटलं, वाचले. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं एक तास मागे जातात. फोन आपोआप बदलतात. माझ्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ मात्र सांगलीहून आणलेलं, ते काही ऐकत नाही.

सोमवारी दिवाळीसाठी रेवतीला वेळ दिली होती. तीननंतर ये, म्हटलं होतं. ती लवकरच येऊन बसली. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाल्यावर मी पट्टी लावली. रेवती ओरडते. बाकी सगळ्या दात आवळतात, ही मोकळेपणानं ओरडते. आणि ओरडून झालं की स्वतःच्या ओरडण्यावर हसते, मग मलाही हसू येतं.

खरी वेळ होती दोन वाजून दहा मिनिटं.

संध्याकाळी पत्रपेटीत लिफाफा. आत टाइप केलेला कागद.

'१४:१० एक किंकाळी. १४:१२ एक किंकाळी. १४:१३ किंकाळी, मोठी. १४:१४ पासून हसणे, दोन व्यक्ती. हसणे किंकाळ्यांपेक्षा जास्त वेळ चालले. परवानगीबाबतचा निर्णय नोव्हेंबरअखेरीस कळवण्यात येईल.'

ह्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, अगं, शेवटचं वाक्य साधंच आहे. मला साधं वाटलं नाही. मी माफीचं पत्र लिहिलं, घड्याळाचं सगळं खरं खरं. उत्तर आलं नाही. दिवाळीला चकल्यांचा डबा खाली दिला. डबा धुऊन परत आला, आत चिठ्ठी नव्हती. इथे कोणी नुसता डबा परत करत नाही, 'आभार' तरी लिहितात. नोव्हेंबरचे दिवस मी मोजायला लागले. गिऱ्हाइकांना पुढची टेर्मिन देताना पेन थांबायचं. डिसेंबरचं पान मी उघडतच नव्हते.

*

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. गुरुवारी दुपारी फ्राऊ ब्रांट कोट घालून, पर्स हातात घेऊन माझ्या दारात उभ्या.

"तुमचं सामान घ्या. आपण जाऊ."

कुठे, हे विचारायचा धीर झाला नाही. मी वॅक्सचा हीटर घेतला, दोरा, पावडर, कात्री, आरसा, आणि न विचारता माझा नोंदणीचा फोल्डरसुद्धा घेतला. मला वाटलं, त्या मला त्या ऑफिसातच नेतायत. जाऊन सांगणार, हिचा धंदा बंद करा. गाडीत त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या. मी फोल्डर छातीशी धरून बसले होते.

गाडी थांबली ती एका वृद्धाश्रमापाशी. तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी एक खूप म्हातारी बाई बसली होती, मफलर नाकापर्यंत ओढून. खोली गरम होती.

"माझी आई," फ्राऊ ब्रांट म्हणाल्या. वय शहाण्णव.

मग दारापाशीच, हळू आवाजात, त्यांनी सांगितलं. आईच्या हनुवटीवर केस येतात. इथले लोक अंघोळीच्या दिवशी पुरुषांसारखं रेझर फिरवतात. त्याचे खुंट होतात. महिनाभर झाला, आई तीनच्या कॉफीला खाली जात नाही. खोलीतच जेवते. मफलर काढत नाही. हे सांगताना फ्राऊ ब्रांट माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या हीटरकडे बघत होत्या.

वॅक्स मी लावलंच नाही. त्या वयाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, ओढली तर निघून येईल. दोरा घेतला. आजीबाईंनी मफलर खाली करायला खूप वेळ घेतला. मग मान वर केली आणि म्हणाल्या, "हेल्गा, तिकडे बघ." सत्तरी ओलांडलेल्या फ्राऊ ब्रांट भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

अर्धा तास लागला. आजीबाईंनी एकदाही तोंडातून आवाज काढला नाही. रेवतीला सांगितलं पाहिजे, असं मनात आलं. झाल्यावर मी आरसा दिला. त्यांनी हनुवटीवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, मग दोन्ही हातांनी. मफलर घडी करून हेल्गाकडे दिला, कपाटात ठेव म्हणाल्या.

"परत कधी?"

मी फ्राऊ ब्रांटकडे बघितलं. "चार आठवड्यांनी," मी म्हटलं.

"चार," फ्राऊ ब्रांट म्हणाल्या.

आजीबाई म्हणाल्या, "मी शहाण्णव वर्षांची आहे. तीन."

मी तीन लिहायला वही काढली. आजीबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर आणि त्यामागे अडकवलेलं नव्या वर्षाचं काढायला लावलं. त्यांना एक टेर्मिन नको होती, सगळ्या हव्या होत्या, पुढच्या वर्षाच्या नाताळपर्यंतच्या. दर तीन आठवड्यांनी, गुरुवारी, कॉफीच्या आधी. मी पेन घेतलं. डिसेंबरवर एक खूण केली. मग माझा हात थांबला. शहाण्णव वर्षांच्या बाईला खोटी तारीख कशी लिहून द्यायची?

मी म्हटलं, "आजी, मला पुढचं सांगता येत नाही. माझी कामाची परवानगी ह्या महिन्याअखेरीस संपतेय."

"कोणाची परवानगी?"

मी पेनाला टोपण लावलं. खालून कपबश्यांचा आवाज येत होता.

"माझी, मम्मा," फ्राऊ ब्रांट म्हणाल्या.

आजीबाईंनी मान हळूहळू वळवली आणि लेकीकडे पाहिलं.

"हेल्गा," एवढंच म्हणाल्या.

फ्राऊ ब्रांट पर्समध्ये पेन शोधायला लागल्या.